‘गोळी सुटली’ : एका क्रियापदाचा इतिहास

मराठी वर्तमानपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षं जवळपास तसंच्या तसं छापून येतं. ‘पिस्तूल साफ करताना चुकून गोळी सुटली.’ गाव बदलतं, माणूस बदलतो. कधी पोलिस शिपाई असतो, कधी कुणाचा अंगरक्षक, कधी परवानाधारक बागायतदार. वाक्य मात्र तेच.

या वाक्याचा कर्ता कोण आहे, बघा. गोळी. शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, तशी गोळीही सुटते. आपली आपण. ‘झाडली’ म्हटलं की झाडणारा कुणीतरी लागतो. ‘सुटली’मध्ये कुणीच लागत नाही. हात गायब, बोट गायब, नळी कुठल्या दिशेला होती तेही गायब.

मराठीनं याच विषयात आणखी एक गंमत करून ठेवली आहे. बंदुकीच्या ट्रिगरला आपण ‘चाप’ म्हणतो. चाप ओढला की गोळी जाते. आणि ‘गैरप्रकारांना चाप लावा’ असंही आपणच म्हणतो, म्हणजे आवरा, रोखा. सोडणारा चाप आणि रोखणारा चाप. पोलिसांच्या बंदुकीचा इतिहास या दोन अर्थांच्या मधे घडला आहे.

मी मारुंजीत राहतो आणि हिंजवडीत कोड लिहितो. बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण मुळशी तालुक्यात राहून बंदूक अगदीच अनोळखी राहत नाही. जमिनीचे भाव, तो पैसा आणि कमरेचं हत्यार यांचं नातं ‘मुळशी पॅटर्न’नं २०१८मध्ये सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय मिळालं. माझं कुतूहल मात्र कामातून आलं. आमच्याकडे ‘सर्व्हर पडला’ एवढं सांगून कुणी सुटत नाही. तो कुठल्या बदलानंतर पडला, तो बदल कुणी तपासला, धोक्याची घंटा का वाजली नाही, हे सगळं लिहून काढावं लागतं. एखादं वेब पेज पाच मिनिटं बंद पडलं तर आम्ही चार पानं लिहितो. मग माणूस मेल्यावर ‘सुटली’ हा एक शब्द कसा पुरतो?

तोडा, घोडा, बोल्ट

प्रामाणिकपणे सांगायचं तर एकेकाळी ‘सुटली’ हा शब्द बराचसा खरा होता.

शिवकाळातली बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सुताची जाड वात, एका टोकाला सतत धुमसणारी. चाप ओढला की वात खाली येऊन रंजकीला लागायची आणि बार उडायचा. म्हणजे शिपायाच्या हातात जळता निखारा आणि अंगावर दारूचं शिंग. अपघातासाठी वेगळं काही करावं लागत नसे. पुढे चकमकीची बंदूक आली, निखारा गेला. गारगोटीचा तुकडा धरणारा ‘घोडा’ अर्धाच चढवून ठेवायची सोय आली. अर्ध्यावर असताना चाप दाबला तरी घोडा पडू नये, अशी ती खाच. ही बंदुकीतली एक फार जुनी सेफ्टी. पण खाच झिजली की घोडा तिथूनही निसटायचा.

रिव्हॉल्व्हरमध्ये दुखणं वेगळं होतं. १८७३च्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असला की त्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकायचं. हत्यार घोड्यावर आपटलं की बार उडण्याची शक्यता. त्यामुळे जाणकार सहा घरांपैकी पाचच भरायचे आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचे. आमच्या भाषेत हा ‘वर्कअराउंड’. बग तसाच, वापरणाऱ्यानं सवय बदलायची. याच धाटणीची रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या रूगर कंपनीनं १९७३मध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामधे एक छोटी पट्टी घातली. चाप पूर्ण ओढलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पुढे पोचवते. कल्पना त्याआधीही इतरांनी वापरली होती, पण या धाटणीत ती यायला शंभर वर्षं लागली.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ही पट्टी लगेच कळेल. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात आणि दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. हात साच्यात राहूच शकत नाही. टोयोटाला सल्ला देणारे शिगेओ शिंगो यांनी अशा युक्त्यांना ‘पोका-योके’ हे नाव दिलं, आणि आपल्या पट्ट्यातल्या वाहन कारखान्यांत तो शब्द आता मराठीसारखाच बोलला जातो. माणूस चुकणार हे धरून चालायचं आणि चूक बोटापर्यंत पोचू द्यायची नाही.

याच्या अगदी उलटं उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली स्टेनगन. १९४१मध्ये ब्रिटननं ती घाईत, स्वस्तात बनवली. तिच्यात एक जड बोल्ट असतो. तो मागे अडकवून ठेवायचा. चाप ओढला की तो पुढे धावतो, मॅगझिनमधली गोळी उचलतो आणि त्याच धडकेत ती उडवतो. आता बोल्ट पुढे आहे, मॅगझिन लावलेलं आहे आणि बंदूक दस्त्यावर आदळली, असं समजा. बोल्ट जडत्वानं मागे सरकतो. गोळी उचलण्याइतका मागे गेला, पण अडकण्याइतका नाही, तर स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे फेकते आणि बार उडतो. चापाला कुणी हातही लावलेला नसतो. इथे ‘सुटली’ हे क्रियापद अचूक आहे. उघड्या बोल्टचं हेच तत्त्व पुढे स्टर्लिंगमध्ये आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेल्या ९ मिलिमीटर कार्बाइनमध्ये आलं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती कार्बाइन कितीतरी वर्षं होती.

आधुनिक पिस्तुलांनी हे बरंच आटोक्यात आणलं, संपवलं नाही. २०१७मध्ये सिग सॉअर कंपनीचं पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास बार उडू शकतो असं चाचण्यांत दिसलं आणि कंपनीनं ट्रिगरची यंत्रणा बदलून द्यायची योजना काढली. यंत्र निर्दोष असतं, असं बंदुकीच्या बाबतीतही धरून चालता येत नाही.

सेफ्टी, पण कुणाची?

आपल्याकडच्या पोलिसांच्या बंदुका शोधायला लागलो तेव्हा मी थबकलो ते एका लाकडी ठोकळ्यापाशी.

१८५७च्या उठावानंतर इंग्रज सरकारचा मोठा प्रश्न असा होता की हिंदी शिपायाच्या हातात बंदूक द्यायची, पण किती चांगली? उत्तर त्यांनी नळीत शोधलं. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यामुळे गोळी फिरत, लांब आणि सरळ जाते. हिंदी पलटणींसाठी १८५८च्या नमुन्याच्या एनफिल्ड बंदुका आल्या त्या आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या. १८७८च्या हत्यार कायद्यानं सामान्य माणसाच्या घरातली शस्त्रं परवान्याखाली आणली. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा सरकारची ती जुनी भीती खरी ठरल्यासारखं झालं.

पोलिसांसाठी या भीतीतून जे हत्यार घडलं, ते म्हणजे ‘पॉइंट फोर-वन-झिरो’ मस्केट. मुळात ती लष्कराची थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्डच. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तिची नळी आतून गुळगुळीत करायची आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवायचा. दहा गोळ्यांची बंदूक एका गोळीची झाली. काडतूसही वेगळं, थ्री-नॉट-थ्रीचंच कवच सरळ करून बनवलेलं, म्हणजे लष्कराची गोळी पोलिसांच्या बंदुकीत चालायला नको. बंदूक पळवली गेली किंवा पोलिसच उलटले, तर सरकारी सैन्यापुढे तिचा टिकाव लागू नये, हा हिशेब.

तो ठोकळा हीसुद्धा एक सेफ्टीच होती. फक्त ती शिपायाच्या पायासाठी नव्हती आणि चौकीसमोर उभ्या असलेल्या बाईसाठीही नव्हती. ती सरकारसाठी होती. बंदूक कुणाच्या हातून कुणावर उलटेल याचा विचार इतका बारकाईनं केला की नळीचा व्यास बदलला. ती बंदूक धरणारा हात किती तयार आहे, याचा विचार मात्र त्या तपशिलानं झाला नाही.

इथून तासाभरावर खडकीचा दारूगोळा कारखाना आहे, १८६९पासूनचा. थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं दिसतात, ती ‘किर्की फॅक्टरी’ची. देशभरातल्या बंदुकांना गोळ्या पुरवणारा कारखाना आपल्या शेजारी, आणि गोळी मोजूनमापून मिळणारा शिपाईही आपल्याच शेजारी.

असे एक शेजारी आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. निवृत्त हवालदार, नोकरीतली बरीच वर्षं शस्त्रागारात गेलेली. त्यांना विचारलं, “काका, तुमच्या हातून कधी सुटली का हो?”

“सुटत नसते रे,” ते म्हणाले. “क्रम चुकला की जाते.”

मग त्यांनी क्रम सांगितला. आधी मॅगझिन काढायचं. मग बोल्ट किंवा स्लाइड मागे ओढून आतली गोळी बाहेर. मग डोळ्यांनी बघायचं, आणि बोट घालून चाचपायचं, कारण रात्रपाळीत डोळे फसतात. हे उलट्या क्रमानं केलं तर? आधी स्लाइड ओढली, एक गोळी टणकन बाहेर पडली, मन निर्धास्त झालं. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत घेऊन गेली. मग मॅगझिन काढलं. आता हातात मॅगझिन नसलेलं पिस्तूल आहे, डोळ्यांनी एक गोळी बाहेर पडताना पाहिलेली आहे, आणि आत एक गोळी आहे.

‘साफ करताना सुटली’ या वाक्याचं एक उत्तर इथे आहे. पायऱ्या त्याच, संख्या तीच, फक्त क्रम बदलला. त्यात ग्लॉकसारखी पिस्तुलं साफ करायला उघडायची तर आधी चाप दाबावाच लागतो. रिकामं आहे या खात्रीनं दाबलेला तो चाप.

काकांनी थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यात ठेवलेल्या ‘फुलथ्रू’चं, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीचं, आणि तिला अडकवायच्या चिंदीचंही प्रेमानं वर्णन केलं. पण सरावाचा विषय निघाल्यावर ते हसले. “पुंगळी एक कमी भरली तरी चौकशी. नेम कमी भरला तर कोण विचारतं?”

न झाडलेली आणि नको तेव्हा गेलेली

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री हा हिशेब सगळ्या जगानं पाहिला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी एके-४७ घेऊन फिरत होते. पोलिसांकडे लाठ्या आणि काही थ्री-नॉट-थ्री. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथेच धारातीर्थी पडले. आरपीएफचे झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या. पण कसाबचं ते प्रसिद्ध छायाचित्र काढणारे सेबॅस्टियन डिसूझा यांनी नंतर सांगितलं की स्टेशनात हत्यारबंद पोलिस होते आणि त्यांनी गोळ्या झाडल्या नाहीत. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या चौकशी समितीनं पुढच्या वर्षी अहवाल दिला. गोळ्यांच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा गोळीबाराचा सरावच होत नसल्याकडे त्यात बोट दाखवलं होतं.

त्यानंतर हत्यारं बदलली. महाराष्ट्रात फोर्स वन उभी राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०ला थ्री-नॉट-थ्रीला समारंभानं निरोप दिला. हातात पिस्तुलं आली.

आणि डिसेंबर २०२३मध्ये अलिगढच्या एका पोलिस ठाण्यातली काही सेकंदांची सीसीटीव्ही चित्रफीत आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आली. पासपोर्टच्या पडताळणीसाठी आलेली एक स्त्री टेबलासमोर उभी आहे. एक पोलिस उपनिरीक्षकाच्या हातात पिस्तूल देतो. तो ते हाताळतो आणि गोळी जाते. तिच्या डोक्याला. काही दिवसांनी ती गेली.

मी ती चित्रफीत दोनदा पाहिली, कारण पासपोर्टच्या पडताळणीला मीही असाच एका टेबलासमोर उभा राहिलो आहे. आयटीतली जवळजवळ सगळी मुलं-मुली उभी राहतात. आधार, लाइट बिल, दोन फोटो.

सीएसटी आणि अलिगढ या दोन घटना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. एकीकडे झाडायला हवी होती ती गोळी गेली नाही, दुसरीकडे जायला नको होती ती गेली. मला त्या एकाच आजाराच्या दोन बाजू वाटतात. ज्या हाताला बंदुकीची सवय नाही, तो हात संकटात गोठतो आणि निवांत वेळी निष्काळजी होतो. सराव म्हणजे फक्त नेम नव्हे. बोट चापाच्या बाहेर, नळीलगत सरळ ठेवायची सवयही सरावातूनच येते.

हे बोट इतकं महत्त्वाचं का? शरीरशास्त्राचे अमेरिकी संशोधक रॉजर एनोका यांनी २००३मध्ये याचा उलगडा केला. माणसाचं बोट तीन प्रसंगी त्याच्या इच्छेशिवाय आवळलं जाऊ शकतं. दचकल्यावर, तोल गेल्यावर, आणि दुसऱ्या हातानं जोरात काही पकडल्यावर. एका हातानं आरोपीची कॉलर धरली की दुसऱ्या हाताची बोटंही आवळतात. तिन्ही प्रसंग पोलिसांच्या रोजच्या कामातले. म्हणजे ‘मी दाबला नाही’ असं सांगणारा पोलिस खोटं बोलत असेलच असं नाही. पण बोट चापावर काय करत होतं, हा प्रश्न उरतोच. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी हे चार नियमांत बसवलं. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. जे नष्ट करायचं नाही त्याकडे नळी करू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. गोळी चुकून गेलीच, तरी यातला एखादा नियम पाळलेला असेल तर ती सहसा भिंतीत जाते.

नुसत्या यंत्रावर भिस्त ठेवली तर काय होतं, हे न्यूयॉर्कनं अनुभवलं. १९९३मध्ये तिथल्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हरकडून अर्धस्वयंचलित पिस्तुलांकडे वळायला सुरुवात केली. चुकून गोळी जाऊ नये म्हणून ग्लॉकचा चाप मुद्दाम जड केला. साधारण अडीच किलोंऐवजी सव्वापाच किलोंहून जास्त जोर. पण जड चाप ओढताना हात हलतो. २४ ऑगस्ट २०१२ला एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका हल्लेखोरावर १६ गोळ्या झाडल्या. नऊ वाटसरू जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. २०२१पासून तिथे नव्या भरतीला हलका चाप देऊ लागले. त्या नऊ जणांसाठी मात्र रोखणारा चापच महाग पडला.

कुऱ्हाडीचं पातं

कायद्यानं हा प्रश्न १८६०मध्येच पाहिला होता. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या भारतीय दंड संहितेच्या ८०व्या कलमात एक उदाहरण आहे. एक माणूस कुऱ्हाडीनं काम करतोय. पातं दांड्यातून निसटतं आणि शेजारी उभा असलेला माणूस मरतो. हा गुन्हा नाही, पण एका अटीवर : त्यानं पुरेशी काळजी घेतलेली असली पाहिजे. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हे कलम तिथे १८वं झालं, कुऱ्हाड तीच राहिली. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा मात्र दोन वर्षांवरून कमाल पाच वर्षांपर्यंत गेली.

पातं निसटलं, गोळी सुटली. कायदा या क्रियापदापाशी थांबत नाही. तो विचारतो, पातं घट्ट आहे का हे तू सकाळी पाहिलं होतंस का? ब्रिटिश लष्करात चुकून गेलेल्या गोळीला ‘अपघाती’ म्हणतच नाहीत, ‘निष्काळजी’ म्हणतात. बिघाड सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी, पण सुरुवात हातापासून.

तरीही सगळा भार एका शिपायावर टाकून फाइल बंद करणं मला पटत नाही. आमच्या पोस्टमॉर्टेममध्ये ‘अमक्यानं चुकीची कमांड दिली’ हे शेवटचं वाक्य असलं की वरिष्ठ विचारतात, ‘ती कमांड त्याला देता कशी आली?’ तोच प्रश्न इथे. शेवटचा सराव कधी झाला होता? भरलेलं हत्यार लोकांनी भरलेल्या खोलीत या हातातून त्या हातात का गेलं? निलंबन माणसाला शिक्षा देतं, पुढच्या ठाण्यातल्या टेबलासमोर उभ्या असलेल्या बाईला वाचवत नाही. न्यूयॉर्कचे पोलिस दरवर्षी झाडलेल्या गोळ्यांचा जाहीर अहवाल काढतात आणि त्यात ‘अनवधानानं गेलेली गोळी’ हा वेगळा रकाना असतो. पुंगळ्या मोजणाऱ्या आपल्या व्यवस्थेला हा रकाना जड जाऊ नये.

२०१६च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्या नागरिकाला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. तरी १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. ठेवताना ते हातातून निसटलं, असं सांगितलं गेलं. दीड महिन्यानं विधानसभेचं मतदान होतं. निवडणूक आली की परवानाधारकांची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा होतात. कुणाचं नवं पिस्तूल, कुणाचं आजोबांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर, कुणाची बारा बोअर. आपल्या मुळशीतही. त्या टेबलावर बसलेल्या पोलिसाला दिवसभर अनोळखी हत्यारं हातात घ्यावी लागतात, आणि समोर रांग असते.

जगभर यावर एक स्वस्त उपाय आहे. वाळूनं भरलेली पेटी किंवा पिंप. हत्यार रिकामं करताना नळी त्या वाळूत धरायची. क्रम चुकला तरी गोळी वाळूत जाते. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “एक पिंप, चार घमेली वाळू. खर्च किती रे?” वाघोलीच्या वाळूच्या भावावरून आमची थोडी चर्चा झाली आणि आकडा हजाराच्या आसपास थांबला.

पुढच्या वेळी बातमीत ‘गोळी सुटली’ असं वाचाल, तेव्हा तीन गोष्टी शोधा. नळी कुठे होती, बोट कुठे होतं, आणि तिथे वाळूचं पिंप होतं का.